विजेची गळती आणि पायऱ्यांचा इन्व्हर्टर



ह्या व्यासपीठावर बहुधा विद्वान माणसे उभी राहतात. मी विद्वान नाही. १९८२ साली जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील एका गिरणीत जॉबर होते, आणि त्या संपाने आमच्या घरातील ज्या अनेक गोष्टी मोडल्या त्यांत माझी शाळाही होती. पुढे वायरमनच्या हाताखाली हेल्पर, मग कारखान्यात कामगार आणि मग युनियनचे काम, असा माझा रस्ता. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि यंत्राच्या पॅनलपुढे शिकलो. तेव्हा आजचा विषय मी का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील ऑपरेटरला चार्जशीट मिळाली. त्याचे यंत्र दुसऱ्या पाळीत, ऐन उन्हाळ्याच्या दुपारी, आठवड्यातून तीन-चार वेळा आपोआप बंद पडे. व्यवस्थापनाचे म्हणणे, हा हयगय करतो. यंत्र उगाच बंद करून ठेवतो आणि वर विजेचे बिलही वाढवतो. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, मी बंद करतच नाही हो. ते आपले आपणच ट्रिप होते. आता हे साहेबांना कसे पटवू?” बायको-मुले असलेल्या त्या माणसाची चौदा वर्षांची नोकरी एवढ्या एका प्रश्नावर टांगलेली होती. नुसत्या भाषणाने ती वाचणार नव्हती. यंत्र का थांबते हे समजून घेणे भाग होते. त्या यंत्राची मोटर चालवणारी जी पेटी होती, तिला इन्व्हर्टर म्हणतात. तिच्यात वीज कोठे गळते, हे शिकायला मी तेथून सुरुवात केली. आज जे सांगणार आहे ते त्या शिक्षणाचे सार आहे. त्या ऑपरेटरचे पुढे काय झाले हे ओघाने येईलच.

अर्धवट उघडा नळ

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. वीज गेली की तो बॅटरीतील एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डी.सी.चा, पंख्याला लागणारा ए.सी. करून देतो. चालू असताना त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहा. तो ऊन लागतो. ती ऊब म्हणजेच गळती. विजेची गळती पाण्यासारखी जमिनीवर सांडत नाही, ती उष्णता होऊन हवेत जाते. बॅटरीने दिलेले पण पंख्याला न पोचलेले जे काही असते, ते तेथे आपल्या तळहाताला लागत असते.

आता, विजेचा दाब कमी-जास्त करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वाटेत अडथळा घालणे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या पद्धतीच्या गाडीला हळूहळू वेग द्यावयाचा तर मोटारींच्या वाटेत लोखंडी रोधक घालीत आणि वेग वाढेल तसतसे ते एकेक काढून घेत. दर स्टेशनाला गाडी सुटताना त्या रोधकांत वीज जळे, आणि दर स्टेशनाला थांबताना गाडीचा वेग ब्रेकमध्ये जळे. मुंबईच्या लोकलला थांबे किती जवळजवळ आहेत हे तुम्हांला ठाऊक आहे. हा उद्योग पुढे कित्येक दशके चालला. २००७ पासून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या, तीन फेजच्या मोटारींच्या नव्या गाड्या आल्या. त्या ब्रेक लावताना मोटरीचे जनित्र करून वीज तारेत परत धाडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरून १५०० व्होल्टची शेवटची गाडी गेली आणि मुंबईतील ते एकदिश युग संपले.

रोधकात किती वीज जळते, ह्याचा एक हिशेब करू. समजा, आपल्याजवळ ६०० व्होल्टचा पुरवठा आहे, मोटरीला ३०० व्होल्ट हवे आहेत आणि प्रवाह १०० अँपिअरचा आहे. उरलेले ३०० व्होल्ट अडथळ्याने खाल्ले पाहिजेत. ३०० गुणिले १०० म्हणजे ३०,००० वॅट. घेतलेल्या विजेतील निम्मी वीज वाटेतच राख झाली.

ह्यावर उपाय असा, की नळ अर्धवट उघडा ठेवायचाच नाही. एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. बादलीत निम्मेच पाणी हवे असेल तर सेकंदाच्या निम्मा वेळ नळ पूर्ण उघडावा आणि निम्मा वेळ पूर्ण बंद ठेवावा, आणि हे इतक्या झपाट्याने करावे की बादलीला ते जाणवूही नये. बंद नळातून प्रवाह नाही, म्हणून गळती नाही; पूर्ण उघड्या नळावर दाब उरत नाही, म्हणून गळती जवळजवळ नाही. आजचा इन्व्हर्टर हेच करतो. त्यातला नळ म्हणजे आयजीबीटी नावाचा सिलिकॉनचा स्विच. तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि उघड्या व बंद वेळेचे प्रमाण बदलीत बदलीत मोटरीला हवी तशी ए.सी. लाट घडवतो.

दोन प्रकारची गळती

‘जवळजवळ नाही’ असे मी म्हणालो. सारा विषय त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

पहिली गळती वहनाची. आयजीबीटी पूर्ण उघडला तरी त्याच्या अंगावर साधारण दोन व्होल्ट उरतात. १०० अँपिअरला ते २०० वॅट होतात. वरच्या ३०,००० वॅटपुढे ही रक्कम किरकोळ खरी. परंतु प्रवाह चालू आहे तोवर ती अखंड द्यावी लागते. ती घरभाड्यासारखी आहे.

दुसरी गळती उघडझापीची. कोणताही स्विच एका निमिषात उघडत नाही. त्या सूक्ष्म क्षणात प्रवाह पूर्ण चढलेला असतो आणि दाब अजून पुरता उतरलेला नसतो. म्हणजे नळ क्षणभर अर्धवट उघडाच असतो. समजा, हा क्षण एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा पाचवा हिस्सा आहे. ६०० व्होल्ट, १०० अँपिअर, आणि दाब-प्रवाहाची आकृती त्रिकोणी म्हणून त्याचे निम्मे: एका वेळेला सहा हजारांश ज्यूल. एकदा उघडणे आणि एकदा मिटणे मिळून बारा. रक्कम इतकी लहान की हसू यावे. पण हे सेकंदाला १०,००० वेळा होते. तेव्हा १२० वॅट झाले. ही गळती जकातीसारखी आहे: नाक्यावरून जितक्या फेऱ्या, तितकी जकात.

म्हणजे गाडीच्या एका चाकाला भाडे आणि दुसऱ्याला जकात. इन्व्हर्टरच्या एका फांदीत २०० वॅट भाडे, आणि दर हजार उघडझापींना १२ वॅट जकात. हे आकडे मी हिशेबासाठी सोपे करून घेतले आहेत; परंतु ते खऱ्या मालाच्या फार दूर नाहीत. ह्याशिवाय डायोड मिटताना उलटा प्रवाह क्षणभर वाहतो त्याची गळती, धारित्रे म्हणजे कपॅसिटर, चोक आणि पंखे ह्यांची गळती, अशा बारीकसारीक रकमा आहेतच. पण मुख्य जमाखर्च ह्या दोन खात्यांचा.

त्या ऑपरेटरचे यंत्र

आता त्या कारखान्यात परत येऊ. इन्व्हर्टरच्या पोटात शेवटच्या काही बिघाडांची नोंद राहते, हे मला एका वायरमनकाकांनी दाखवले. आम्ही ती नोंद काढली. प्रत्येक बिघाड एकच होता: पाठीचा पत्रा अतिशय तापला. मग आम्ही त्यात भरलेली मूल्ये पाहिली. उघडझापीचा वेग कारखान्यातून निघताना सेकंदाला ४,००० होता, तो कोणी तरी १२,००० करून ठेवला होता. का? तर ४,००० ला मोटर किणकिण आवाज करते, १२,००० ला तो कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. शेजारी एक केबिन होती, आणि त्या केबिनीला तो आवाज सहन होत नव्हता.

आपल्याच आकड्यांनी हिशेब करा. ४,००० ला भाडे २०० आणि जकात ४८, एकूण २४८ वॅट. १२,००० ला भाडे तेच २००, जकात १४४, एकूण ३४४. उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. मोटर पूर्ण भाराजवळ चालणारी, वर एप्रिलची दुपार, आणि पॅनलची जाळी धुळीने बंद. त्या पेटीने स्वतःला वाचवण्यासाठी थांबणे हाच शहाणपणा होता. इन्व्हर्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसा तक्ताही छापलेला होता: उघडझाप वाढवाल तर प्रवाह कमी घ्या. ती इंग्रजी पुस्तिका शब्दकोश हाताशी घेऊन मी तीन रात्री वाचली, आणि चौकशीच्या वेळी तो तक्ता टेबलावर ठेवला.

वेग पुन्हा ४,००० वर आणला, जाळी साफ केली. ट्रिप होणे थांबले. चार्जशीट मागे घेतली गेली. केबिनीला दुहेरी काच बसवली, तिचा खर्च फार आला नाही. पण मला सांगावयाचे ते एवढेच नाही. ज्याला नुकसान म्हणून कागदावर एक आकडा लिहिता येतो, त्याला ते कोणाच्या नावावर टाकावे हेही ठरवता येते. म्हणून तो आकडा कोठून येतो हे कामकरी माणसाला ठाऊक असले पाहिजे.

मधली पायरी

तेव्हा मनात प्रश्न आला, की आवाजही नको आणि उष्णताही नको, असे काही होऊ शकते काय? येथे आजचा मुख्य विषय येतो.

साध्या इन्व्हर्टरची फांदी दोनच गोष्टी जाणते: वरचा दाब आणि खालचा दाब. ६०० व्होल्ट तरी, नाही तर शून्य तरी. हमाल पोते जमिनीवरून थेट माळ्यावर भिरकावतो, तसे हे आहे. माथाडी कामगार असे कधी करीत नाही. तो मध्ये एक फळी मांडतो. फळीपर्यंत एक उचल, फळीवरून माळ्यापर्यंत दुसरी.

विजेतील ही फळी १९८० च्या सुमारास जपानात मांडली गेली. नाबे, ताकाहाशी आणि आकागी ह्या तिघांचा त्यावरील निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पुरवठ्याच्या वर आणि खाली दोन कपॅसिटर लावून मधोमध एक बिंदू काढला, फांदीत दोनाऐवजी चार स्विच ओळीने बसवले, आणि दोन डायोडांनी त्या मधल्या बिंदूला दावे बांधले. आता फांदी तीन पायऱ्यांवर उभी राहू शकते: वर, मध्ये, खाली. ह्याला तीन स्तरांचा इन्व्हर्टर म्हणतात.

ह्याने काय साधले? एका वेळी उडी निम्म्याच दाबाची, म्हणून प्रत्येक उघडझापीची जकात निम्मी. शिवाय प्रत्येक स्विचला निम्माच दाब सोसायचा, म्हणून तो पातळ सिलिकॉनचा घेता येतो, आणि पातळ सिलिकॉन अधिक चपळ असते. जकात निम्म्याहूनही खाली येते. पण फुकट काहीच मिळत नाही. प्रवाहाला आता नेहमी दोन स्विच ओळीने ओलांडावे लागतात. एकाच्या दोन व्होल्टच्या जागी दोघांचे मिळून तीन व्होल्ट धरू. भाडे २०० चे ३०० झाले. जकात हजारी १२ ची ४ झाली.

आता तुलना करा. २,००० उघडझापींना दोन स्तरांचा २२४ वॅट, तीन स्तरांचा ३०८. येथे जुनाच बरा. १०,००० ला ३२० आणि ३४०. अजून जुनाच किंचित पुढे. १२,५०० ला दोघे समान. २०,००० ला ४४० विरुद्ध ३८०. आता नवा जिंकला.

म्हणजे ‘तीन स्तर दोनांपेक्षा चांगले’ हे विधान जसेच्या तसे खरे नाही. कामाप्रमाणे उत्तर बदलते. साध्या कारखान्यातील ४१५ व्होल्टचे मोटर चालवणारे बहुतेक इन्व्हर्टर आजही दोन स्तरांचेच असतात, ह्याचे कारण हे आहे: त्यांची उघडझाप कमी असते आणि पेटी स्वस्त हवी असते. उलट, सूर्यशक्तीचे इन्व्हर्टर आणि मोठे यूपीएस ह्यांना शुद्ध लाट हवी असते, चोक लहान हवा असतो, म्हणून उघडझाप जास्त ठेवावी लागते. तेथे तीन स्तर चालतात.

ह्या तुलनेत आणखी एक गोष्ट धरली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. तीन पायऱ्यांची लाट मुळातच अधिक गुळगुळीत असते. दोन स्तरांचा २०,००० ला जी सफाई देतो, जवळपास तीच तीन स्तरांचा १०,००० ला देतो. तेव्हा सारख्या सफाईची तुलना ४४० विरुद्ध ३४० अशी होते. लाट गुळगुळीत म्हणून मोटरीच्या लोखंडातील आणि तांब्यातील गळतीही कमी, किणकिण कमी, आणि वेटोळ्याच्या इन्सुलेशनवर बसणारे धक्केही निम्मे. एका पेटीची गळती मोजून थांबणारा हिशेब अपुरा असतो. पेटी, तार, चोक आणि मोटर ह्या सर्वांचा मिळून हिशेब पाहिजे.

फळी मांडण्याच्या इतरही रीती निघाल्या. १९७० नंतरच्या दशकातच अमेरिकेत वेगवेगळ्या पुरवठ्यांचे डबे एकावर एक रचण्याची कल्पना निघाली होती. हजारो व्होल्टच्या मोठ्या पंप-पंख्यांच्या मोटारींसाठी ती १९९० नंतर फार पसरली. १९९२ साली फ्रान्समध्ये मेनार आणि फोश ह्यांनी अधांतरी कपॅसिटरांची रचना मांडली. टी-अक्षरासारखी एक रचना आहे, तीत वर-खाली जाताना एकच स्विच आणि फक्त मधल्या वाटेला दोन. म्हणून भाडे थोडे उतरते, पण बाहेरच्या स्विचांना पूर्ण दाब सोसावा लागतो. प्रत्येक रचना ही भाडे आणि जकात ह्यांमधील एक तडजोड आहे. वाटाघाटीच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटते.

सरासरीचा फसवेपणा

आता मला सर्वांत शिकवून गेलेली गोष्ट सांगतो.

त्या तीन स्तरांच्या फांदीत चार स्विच आणि दोन बांधणारे डायोड आहेत. एकूण गळती ३४० वॅट म्हटली, तर ती सर्वांना सारखी वाटली जाते काय? मुळीच नाही. मोटर पूर्ण वेगाने ओढत असते तेव्हा बाहेरचे दोन स्विच सर्वांत तापतात. मोटर जड भार घेऊन नुकती हलू लागते तेव्हा प्रवाह बहुतेक वेळ मधल्या बिंदूतून जातो आणि दावे बांधणारे डायोड तापतात. मंद वेगात ब्रेक लावून वीज परत घेताना आतले दोन स्विच तापतात. पेटीचे काम जसे, तसा जाळ एकेकाच्या वाट्याला येतो.

आणि पेटीचे आयुष्य सरासरीवर ठरत नाही, ते सर्वांत तापलेल्या तुकड्यावर ठरते. पाच तुकडे थंड आहेत आणि सहावा जळतो आहे, तर ती पेटी जळालेलीच. म्हणून सर्वांत तापणाऱ्या तुकड्याला सोसेल एवढाच प्रवाह साऱ्या पेटीतून घ्यावा लागतो. बाकीच्यांची ताकद नुसती पडून राहते. २००१ साली जर्मनीतील ब्रुकनर आणि बेर्नेट ह्यांनी दाखवले की डायोडांच्या जोडीला तेथे स्विच बसवले, तर मधल्या बिंदूकडे जायला दोन वाटा होतात, आणि आळीपाळीने त्या वापरून भार वाटून देता येतो. एकूण गळती फारशी घटत नाही. पण ती वाटली गेल्यामुळे तीच पेटी अधिक काम करू शकते आणि अधिक टिकते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कारखान्याची सरासरी मजुरी किती, सरासरी ओव्हरटाइम किती, हे आकडे मला वर्षानुवर्षे ऐकवण्यात आले आहेत. भट्टीपुढच्या माणसाला सरासरी तपमान लागत नाही. यंत्रशास्त्राला हे पटले आहे, एवढे समजून मला बरे वाटले.

शेकडो पायऱ्या

तीन पायऱ्यांवर माणूस थांबला नाही. लांबवर वीज नेण्यासाठी एकदिश प्रवाह सोयीचा. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला १५०० मेगावॅटची अशी वाहिनी १९९९ पासून आहे. तिच्यात थायरिस्टर नावाचे जुने, दमदार स्विच आहेत. ते आपले आपण मिटू शकत नाहीत, म्हणून त्यांना दोन्ही टोकांना जिवंत, बलवान ए.सी. जाळे लागते. त्यांची गळती मात्र फार थोडी, एका टोकाला एक टक्क्याहूनही कमी.

आपोआप मिटणाऱ्या आयजीबीटीची वाहिनी १९९७ साली स्वीडनमध्ये हेलशोन येथे प्रयोगादाखल चालली आणि १९९९ साली गोटलंड बेटावर कामाला लागली. ती दोन स्तरांची होती. शेकडो स्विच ओळीने लावून ते सर्व एकाच क्षणी उघडायचे आणि एकाच क्षणी मिटायचे. पूर्ण दाबाची उडी, सेकंदाला हजारावर वेळा; जकात फार. एका टोकाला सुमारे तीन टक्के वीज उष्णता होई. १००० मेगावॅटमध्ये तीन टक्के म्हणजे ३० मेगावॅट. एवढ्यात एखादे लहान गाव उजळेल.

म्यूनिकचे प्राध्यापक मार्क्वार्ट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत निराळी युक्ती मांडली. लहान लहान डबे घ्यावेत, प्रत्येकात एक कपॅसिटर आणि दोन स्विच. असे शेकडो डबे ओळीने लावावेत, आणि लाट जशी चढेल तसतसा एकेक डबा ओळीत घ्यावा, उतरेल तसतसा काढावा. शेकडो पायऱ्यांचा जिना झाला की लाट घडवायला घाई करावी लागत नाही. प्रत्येक डबा सेकंदाला शे-दोनशे वेळाच हलतो. जकात जवळजवळ संपली. उरले ते बहुतेक भाडेच. गळती एका टक्क्याच्या आसपास आली. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीखालून ४०० मेगावॅटची अशी वाहिनी सुरू झाली, आणि आपल्या देशात २०२१ साली तामिळनाडूतील पुगलूरहून केरळातील त्रिशूरला २००० मेगावॅटची. म्हणजे शंभर जणांनी थोडे थोडे, पाळीपाळीने उचलले, तर एकानेही धावपळ करावी लागत नाही. अर्थात शंभर जणांना एका तालावर ठेवणारा माणूस लागतो. त्या डब्यांचे दाब सतत समान राखणारी नियंत्रणव्यवस्था हा त्यातील अवघड भाग आहे.

कार्यक्षमतेचा आकडा कसा वाचावा

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांनी छपरावर सौर पत्रे बसवले असतील, कोणाचा लहान कारखाना असेल. माहितीपत्रकावर ‘कार्यक्षमता ९८ टक्के’ असे छापलेले असते. ९६ आणि ९८ मध्ये फरक तो काय, असे वाटते. पण गळतीच्या बाजूने पाहा: चाराचे दोन झाले, म्हणजे उष्णता निम्मी झाली. १०० किलोवॅटचे काम देणारी पेटी वर्षाला ३०० दिवस, चोवीस तास चालली, तर ह्या दोन टक्क्यांचा फरक सुमारे १५,३०० युनिटांचा होतो. आठ रुपये युनिट धरले तर सव्वा लाखाच्या जवळ. आणि उष्णता निम्मी झाली की पंखा लहान होतो, कपॅसिटर अधिक टिकतात. तपमान दहा अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते, असा एक ठोकताळा आहे.

दुसरे असे, की छापलेला आकडा बहुधा सर्वांत चांगल्या क्षणाचा असतो. सूर्य दिवसभर डोक्यावर नसतो. म्हणून युरोपात एक भारित सरासरी काढतात: निम्म्या भाराच्या कार्यक्षमतेला ४८ टक्के वजन, पूर्ण भाराला २०, आणि उरलेले वजन त्याहून कमी भारांना. प्रखर उन्हाच्या कॅलिफोर्नियात मात्र ७५ टक्के भाराला ५३ टक्के वजन देतात. पेटी तीच, पण देश बदलला की आकडा बदलतो. तेव्हा विकणाऱ्याला विचारावे, की बाबा, हा आकडा कोणत्या भाराचा आहे आणि माझा भार काय असणार?

तिसरे. इन्व्हर्टरच्या दोन टक्क्यांमागे लागताना मोठी गळती विसरू नये. पंप पूर्ण वेगाने फिरवून पुढे व्हॉल्व आवळून पाणी कमी करणे, हा आपल्या कारखान्यांतील जुना रोग आहे. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याला लागणारी शक्ती साधारण निम्म्यावर येते. तेथे पेटीने स्वतःसाठी तीन टक्के खाल्ले तरी ती घरात पन्नास आणते.

चौथे. सिलिकॉन कार्बाइड नावाचे नवे द्रव्य आले आहे. त्याची जकात इतकी थोडी की पुष्कळ ठिकाणी दोन स्तरांचा साधा इन्व्हर्टर पुन्हा स्पर्धेत उतरला आहे. २०२० साली जपानच्या नव्या शिंकान्सेन गाडीत ते बसले. म्हणजे पायऱ्यांचा वाद संपला, असे समजू नका. जेथे दाब मोठा तेथे पायऱ्या लागतातच. पण भाडे बदलले, जकात बदलली, की तडजोडही नव्याने करावी लागते.

शेवटी एवढेच सांगतो. वाचलेली वीज नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी खात्यावर जमा होते. पेटी बदलून सव्वा लाख वाचले, तर त्यातील काही भाग पॅनलच्या खोलीत हवा खेळती ठेवण्याला आणि यंत्रावरच्या माणसाला का मिळू नये, हा प्रश्न मी वाटाघाटीत विचारतो आणि पुढेही विचारीत राहीन. तो प्रश्न विचारायला आधी गळती मोजता आली पाहिजे. मोजायला फार शिक्षण लागत नाही. गुणाकार लागतो, आणि तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून पाहण्याची तयारी लागते.

तो ऑपरेटर आजही त्याच यंत्रावर आहे. दर शनिवारी पाळी संपताना पॅनलची जाळी स्वतः झटकतो.